तंबोऱ्याची कसोटी : ॲम्प्लिफायरच्या ध्वनिगुणवत्तेच्या निकषांची समीक्षा

प्रस्तावना

चांगला ॲम्प्लिफायर कोणता, या प्रश्नाला सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. अभियंता विकृतीची टक्केवारी, वॅटमधील शक्ती आणि कंप्रता-प्रतिसादाचा आलेख पुढे करतो. रसिक श्रोता ‘गोड’, ‘उबदार’, ‘कोरडा’, ‘टोचणारा’ अशा विशेषणांनी उत्तर देतो. एकाची भाषा मोजमापाची आहे आणि दुसऱ्याची अनुभवाची. या दोन भाषांचा मेळ क्वचितच घातला जातो. परिणामी महाविद्यालयाच्या सभागृहासाठी ध्वनियंत्रणा खरेदी करताना निर्णय शेवटी वॅट आणि किंमत या दोनच बाबींवर होतो.

प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिकांची समीक्षा केली आहे. ॲम्प्लिफायरची गुणवत्ता कोणत्याही एका आकड्याने ठरत नाही. त्याच्या हातून होणारी चूक कोणत्या जातीची आहे, ती किती मोठ्या आवाजाला होते आणि कोणत्या परिस्थितीत होते, यावर ती ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे. या प्रतिपादनाच्या पडताळणीसाठी भारतीय मैफलीतील सर्वांत शांत वाद्य, म्हणजे तंबोरा, आणि नागपूरचा उन्हाळा यांचा आधार घेतला आहे.

एका आकड्याचा उगम

ॲम्प्लिफायरचे काम तत्त्वतः सोपे आहे. आत येणाऱ्या क्षीण विद्युत्-संकेताची आकृती जशीच्या तशी राखून तो मोठा करावयाचा असतो. प्रत्यक्षात निर्वात नलिका किंवा ट्रान्झिस्टर यांपैकी कोणतेही साधन पूर्णपणे रेषीय नसते. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे नवे उपस्वर त्यात निर्माण होतात. यांची एकत्रित बेरीज मूळ संकेताच्या टक्केवारीत मांडली की ‘एकूण संनादी विकृती’ हा आकडा मिळतो.

हा आकडा कमी करण्याचे प्रभावी साधन 1927 मध्ये बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांना सुचले. निर्गत संकेताचा काही भाग उलट करून आरंभाकडे परत पाठवावा आणि दोहोंतील फरकाने चूक दुरुस्त करावी, हे ऋण फीडबॅकचे तत्त्व होय. ब्लॅक यांच्यासमोर दूरध्वनीच्या लांब पल्ल्याच्या तारांचा प्रश्न होता; संगीत हा त्यांचा विषय नव्हता. संगीताच्या क्षेत्रात या तत्त्वाचा आदर्श उपयोग डी. टी. एन. विल्यमसन यांनी 1947 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या मंडलात झाला. 15 वॅट शक्तीला केवळ 0.1 टक्का विकृती ही त्या काळी असामान्य कामगिरी होती. तेव्हापासून ‘पूर्ण शक्तीला विकृती किती’ हा प्रश्न गुणवत्तेचा पर्याय मानला जाऊ लागला.

विल्यमसन यांच्या नलिकांच्या मंडलापुरता हा पर्याय बऱ्याच अंशी योग्य होता. अशा मंडलात संकेत लहान झाला की विकृतीही कमी होत जाते. म्हणून पूर्ण शक्तीचा आकडा चांगला असेल, तर हळू आवाजाचा आकडा त्याहून चांगला असणार, हे गृहीत धरता येत असे. हे गृहीतक ट्रान्झिस्टरच्या आगमनानंतर कोसळले. आकडा मात्र टिकून राहिला.

शून्याजवळची चूक

ट्रान्झिस्टरच्या प्रचलित मंडलात निर्गत टप्प्याची दोन अंगे असतात. संकेताचा धन भाग एक अंग हाताळते व ऋण भाग दुसरे. संकेत शून्य ओलांडतो तेव्हा एकाने दुसऱ्याच्या हाती काम सोपवावयाचे असते. ही सोपवणूक गुळगुळीत व्हावी म्हणून संकेत नसतानाही दोन्ही अंगांतून थोडा प्रवाह सतत वाहता ठेवतात. त्याला बायस प्रवाह म्हणतात. तो अपुरा असेल तर शून्याजवळ तरंगाच्या आकृतीला मुरड पडते. हीच ‘क्रॉसओव्हर’ विकृती होय.

या विकृतीचा स्वभाव उलटा आहे. मुरडीचा आकार जवळजवळ तेवढाच राहतो आणि संकेत लहान होत जातो. त्यामुळे आवाज जितका हळू, तितके विकृतीचे प्रमाण जास्त. 8 ओहम संरोधाच्या स्पीकरला 100 वॅट देताना ॲम्प्लिफायर सुमारे 28 व्होल्ट पुरवतो, तर 0.1 वॅट देताना 0.9 व्होल्टहूनही कमी. पहिल्या स्थितीत नगण्य ठरणारी मुरड दुसऱ्या स्थितीत तीसपटीहून अधिक ठळक होते. 1 वॅटला 87 डेसिबेल देणारा स्पीकर 0.1 वॅटला एका मीटरवर 77 डेसिबेल देतो. खोलीत बसून ऐकण्याच्या दृष्टीने हा आवाज पुरेसा आहे. म्हणजे जाहिरातीतील आकडा ज्या पातळीचा असतो, त्या पातळीवर श्रोता बहुधा ऐकतच नाही.

दुसरा दोष विकृतीच्या जातीचा आहे. दुसरा उपस्वर मूळ स्वराचे वरचे सप्तक असतो. तो कानाला खटकत नाही. सातवा किंवा नववा उपस्वर मूळ स्वरापासून दूर पडतो, त्यामुळे त्याला मूळ स्वराचे आच्छादन मिळत नाही व तो वेगळा ऐकू येतो. बी. बी. सी.चे अभियंता डी. ई. एल. शॉर्टर यांनी 1950 मध्येच सुचवले होते की, प्रत्येक उपस्वराला त्याच्या क्रमांकाच्या वर्गाच्या एक-चतुर्थांश इतके वजन द्यावे. या हिशेबाने दुसऱ्या उपस्वराचे वजन 1, तर सातव्याचे 12.25 होते. क्रॉसओव्हरच्या मुरडीतून नेमके असे उच्च क्रमांकाचे उपस्वर निपजतात. शिवाय कंप्रता वाढते तसा फीडबॅकचा दुरुस्तीचा जोर घटत जातो. परिणामतः सर्वांत त्रासदायक चुकांना सर्वांत कमी दुरुस्ती मिळते. सर्व उपस्वरांना सारखे लेखणारी टक्केवारी ही बाब झाकून टाकते. शॉर्टर यांची सूचना मात्र व्यापाराच्या व्यवहारात रुजली नाही.

तंबोरा आणि रामन

येथे भारतीय संगीताचा संबंध येतो. चंद्रशेखर वेंकट रामन वित्त विभागातील अधिकारी म्हणून 1910 च्या सुमारास काही काळ नागपुरात नेमणुकीस होते. पुढे पूर्णवेळ भौतिकशास्त्राकडे वळल्यानंतर त्यांनी 1921 मध्ये तंबोरा व वीणा यांवरील संशोधन प्रसिद्ध केले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तो ज्या उपस्वराचा निःस्पंद बिंदू असेल, तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा यंग यांचा नियम आहे. तंबोरा व वीणा यांत हा नियम मोडलेला दिसतो, असे रामन यांनी दाखवले. कारण या वाद्यांची घोडी धारदार नसून किंचित वक्र असते. तंबोऱ्यात तार व घोडी यांच्यामध्ये घातलेला सुताचा दोराही असतो. कंपन पावणारी तार त्या वक्र पृष्ठावर वारंवार टेकते व सुटते आणि त्यातून उपस्वरांची रांग उमलते. कलावंत यालाच जवारी म्हणतात.

जवारी ही काटेकोर कारागिरी आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून सुरू झालेली मिरजेची तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा आजही चालू आहे. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घोडीचा पृष्ठभाग कानसून, दोरा केसभर पुढेमागे सरकवून कोणता उपस्वर कधी उमलावा हे तेथील कारागीर ठरवतो. हे सर्व सूक्ष्म कार्य अतिशय हळू आवाजात व्यक्त होते. झंकार विरत जातो तो थेट ॲम्प्लिफायरच्या शून्याजवळच्या प्रदेशात. म्हणून बायस बिघडलेल्या ॲम्प्लिफायरचा पहिला बळी तबल्याची थाप नसते, तंबोऱ्याचे शेपूट असते.

एकट्या तंबोऱ्यापुरते पाहता मात्र सौम्य विकृती लपून राहू शकते. तारेचे कृत्रिम उपस्वर तिच्या नैसर्गिक उपस्वरांवरच पडतात. सुरात लागलेल्या षड्ज-पंचमाच्या बेरीज-वजाबाकीही त्याच श्रेणीत मिसळतात. षड्ज 240 हर्ट्झ व मंद्र पंचम 180 हर्ट्झ मानल्यास त्यांतील फरक 60 हर्ट्झ, म्हणजे दोन सप्तके खालचा षड्जच. काही नलिका-ॲम्प्लिफायरना लाभलेल्या ‘गोड’ या विशेषणाचे एक स्पष्टीकरण येथे सापडते. यंत्र स्वतःची थोडी जवारी मिसळते आणि श्रोत्याला ती आवडते. ही आवड खोटी नाही. तथापि ती यंत्राची निष्ठा सिद्ध करीत नाही.

लपलेली विकृती गायक स्वर लावतो तेव्हा उघडी पडते. भैरवातील आंदोलित कोमल रिषभ घ्यावा. 16 : 15 या गुणोत्तराने तो 256 हर्ट्झवर येतो. 240 चा अखंड षड्ज व 256 चा रिषभ एकाच वेळी ॲम्प्लिफायरमधून गेले, की तृतीय क्रमाच्या विकृतीतून 224 आणि 272 हर्ट्झचे दोन स्वर निर्माण होतात. शुद्ध निषादाचे स्थान 225 व शुद्ध रिषभाचे 270 हर्ट्झ आहे. म्हणजे 224 चा स्वर निषादाच्या अगदी शेजारी बेसूर उभा राहतो, आणि 272 चा स्वर भैरवात वर्ज्य असलेल्या शुद्ध रिषभाची छाया पाडतो. गायकाने न लावलेला स्वर यंत्राने लावला, असाच याचा अर्थ. चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये ही छाया इतकी क्षीण असते की ती आच्छादित होते. सदोष किंवा ताणलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये ती स्वर गढूळ करते. आंतरविकृती मोजण्याच्या प्रचलित पद्धतींत 60 व 7,000 हर्ट्झ अथवा 19,000 व 20,000 हर्ट्झ या जोड्या वापरतात. त्या उपयुक्त आहेत. परंतु षड्ज आणि त्याला खेटून असलेला स्वर ही रागसंगीताची मूलभूत स्थिती त्यांत थेट तपासली जात नाही.

विजेचा बेसूर तंबोरा

विकृतीइतकाच हमिंगचा प्रश्न महत्त्वाचा आहे. भारतात वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे. पूर्णतरंग एकदिशीकरणानंतर वीजपुरवठा-मंडलात उरणारी लहर 100 हर्ट्झची असते. अर्थिंगची जोडणी दोन ठिकाणी होऊन वलय तयार झाले, की 50 हर्ट्झ व तिचे उपस्वरही संकेतात शिरतात.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात ही गुणगुण केवळ गोंगाट असते. तंबोऱ्याच्या संगतीत तिचा परिणाम निराळा होतो. पुरुष गायकाचा षड्ज अनेकदा काळी एकचा, म्हणजे सुमारे 138.6 हर्ट्झचा असतो. त्याच्या तंबोऱ्याचा मंद्र पंचम सुमारे 104 हर्ट्झवर लागतो. 100 आणि 104 यांत सेकंदाला चार ठोके पडतात. 100 हर्ट्झची गुणगुण ही त्या पंचमाहून उतरलेली तार असते. तिची खुंटी पिळता येत नाही आणि ती मैफल संपेपर्यंत थांबत नाही. गायकाने अर्धा तास खपून लावलेल्या तंबोऱ्याशेजारी यंत्र दुसरा, बेसूर तंबोरा छेडीत बसते. पुरेसे फिल्टरिंग, ट्रान्सफॉर्मरची योग्य मांडणी आणि अर्थिंगचा एकच बिंदू या खर्चाने किरकोळ असलेल्या बाबी विकृतीच्या चौथ्या दशांश स्थळापेक्षा येथे अधिक निर्णायक ठरतात.

नागपूरचा मे महिना

बायस प्रवाह तापमानावर अवलंबून असतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर दाब दर अंश सेल्सियसला सुमारे 2 मिलिव्होल्टने घटतो. भरपाईची काहीच योजना नसेल, तर तेवढ्याच दाबाला दर 10 अंशांमागे प्रवाह साधारण दुप्पट होतो. तो आणखी उष्णता निर्माण करतो, आणि हे चक्र आवरले नाही तर ट्रान्झिस्टर जळतो. म्हणून हीट सिंकवर तापमान ओळखणारा एक ट्रान्झिस्टर बसवून बायस आपोआप खाली आणण्याची योजना केलेली असते.

ही योजना किती अचूक आहे, यावर हळू आवाजाची शुद्धता ठरते. 25 अंशांच्या प्रयोगशाळेत 60 वॅट उष्णता बाहेर टाकणारे यंत्र, त्याची हीट सिंक दर वॅटला 0.5 अंश तापत असेल, तर 55 अंशांवर स्थिरावते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा तेच यंत्र 75 अंशांवर पोहोचते. बंद कपाटात किंवा मंडपाच्या पत्र्याखाली ठेवलेल्या यंत्राची अवस्था याहून बिकट. यंत्र जळू नये म्हणून भरपाई जास्त ठेवली, तर प्रवाह अति घटतो व क्रॉसओव्हरची मुरड उघडी पडते. भरपाई कमी ठेवली, तर आयुष्य घटते. शिवाय ओळखणारा ट्रान्झिस्टर हीट सिंकचे तापमान पाहतो, ते ट्रान्झिस्टरच्या गाभ्याच्या तापमानामागे रेंगाळते. द्रुत लयीतील तराणा संपून पुढचा विलंबित ख्याल सुरू होतो, त्या शांत क्षणीच बायस चुकीच्या जागी असण्याचा संभव असतो. शीतप्रदेशात लिहिलेला गुणपट विदर्भात जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळे.

अलीकडे सभागृहांत वापरात आलेल्या ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायरमध्ये निर्गत ट्रान्झिस्टर स्विचसारखे चालतात. उष्णता पुष्कळ कमी होते व बायसचा हा प्रश्न उरत नाही. मात्र दोन स्विच एकाच वेळी चालू राहू नयेत म्हणून ठेवलेला सूक्ष्म मृतकाल शून्याजवळच्या विकृतीचा नवा स्रोत बनतो. तंत्र बदलले तरी कसोटीचे स्थान तेच राहते.

कानाची बाजू आणि तिच्या मर्यादा

आकड्यांची ही अपूर्णता पाहून मोजमापच निरर्थक आहे, असा निष्कर्ष काही श्रवणवादी काढतात. तोही टिकत नाही. 1970 मध्ये मट्टी ओताला यांनी संकेत झपाट्याने बदलताना फीडबॅकचे मंडल क्षणभर मागे पडून निर्माण होणाऱ्या विकृतीकडे लक्ष वेधले. त्यानंतर फीडबॅकविषयी सरसकट संशय पसरला. पुढे बॉब कॉर्डेल आदी अभियंत्यांनी दाखवले की, दोष फीडबॅकच्या प्रमाणात नसून आधीच्या टप्प्यांच्या मर्यादित वेगात आहे, आणि तो मोजताही येतो. मूळ निरीक्षण मोलाचे होते, त्यातून काढलेला सरसकट निष्कर्ष चुकीचा होता.

1978 मध्ये जेम्स मॉयर यांनी क्वाड कंपनीच्या पुढाकाराने घेतलेल्या श्रवणचाचणीत तिच्याच एका नलिकांच्या व दोन ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमधील फरक श्रोत्यांना खात्रीने ओळखता आला नाही. 1985 मध्ये अमेरिकेत बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ नियतकालिकाच्या संपादकांसमोर आपल्या ॲम्प्लिफायरचे मंडल बदलत नेले. त्यांनी निवडलेल्या महागड्या ॲम्प्लिफायरशी ते इतके जुळवले की दोहोंतील फरक सांगणे संपादकांना अशक्य झाले. ‘स्वभाव’ म्हणून वाखाणला जाणारा गुण मोजता व घडवता येतो, हे यातून सिद्ध होते.

अशा स्वभावाचे एक साधे कारण निर्गत संरोध हे आहे. स्पीकरचा संरोध कंप्रतेनुसार 4 ते 20 ओहम बदलत असेल आणि ॲम्प्लिफायरचा निर्गत संरोध 2 ओहम असेल, तर वेगवेगळ्या स्वरांच्या पातळीत सुमारे 2.7 डेसिबेलचा फरक पडतो. निर्गत संरोध 0.05 ओहम असल्यास हाच फरक 0.1 डेसिबेलहून कमी राहतो. ‘उबदारपणा’ अनेकदा इतकाच असतो. दोन यंत्रांची तुलना करताना पातळी काटेकोर जुळवली नाही, तर किंचित मोठे वाजणारे यंत्र श्रेष्ठ वाटते, हाही परिचित अनुभव आहे.

तथापि अंध चाचण्यांनाही मर्यादा आहेत. त्यांचा निष्कर्ष त्या चाचणीतील संगीत, स्पीकर, पातळी व तापमान यांपुरताच खरा असतो. सुस्थितीतील यंत्रे आपल्या मर्यादेत सारखी वाजतात, यावरून सुस्थिती सर्वत्र असते असे ठरत नाही.

वॅटचा मोह

खरेदीच्या व्यवहारात या सर्व चर्चेवर मात करते ती शक्ती. 100 ऐवजी 200 वॅट घेतल्याने वाढ होते केवळ 3 डेसिबेलची. आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. अमेरिकेत 1974 पासून घरगुती ॲम्प्लिफायरची शक्ती सांगताना भार, कंप्रतेचा पल्ला व विकृती सांगणे नियमाने बंधनकारक झाले. भारतीय बाजारात मात्र 1990 च्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘पी. एम. पी. ओ.’ या नावाने प्रत्यक्षाच्या कित्येक पट फुगवलेले आकडे सर्रास छापले जात. त्या सवयीची छाया निविदांच्या भाषेवर अद्याप आहे.

शक्तीला महत्त्व नाही असे नव्हे. अपुऱ्या ॲम्प्लिफायरवर ताण आला की तरंगाची शिखरे कापली जातात आणि टिपेचा स्वर फाटतो. ही विकृती इतर सर्व दोषांहून मोठी असते. पण शिखरांसाठी पुरेशी शक्ती राखणे आणि वॅटची संख्या हाच निकष मानणे, या भिन्न गोष्टी आहेत.

निष्कर्ष

नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेल्या डॉ. वसंतराव देशपांडे यांचे नाव शहराने आपल्या एका प्रमुख सभागृहाला दिले आहे. गाण्याला असा मान देणाऱ्या शहरात गाणे ऐकू येते कसे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञावर सोपवण्याचा नाही. सदोष यंत्रणेत तंबोरा ऐकू येईनासा झाला, की गायक आवाज वाढवायला सांगतो, तबला त्याहून वाढतो आणि सूक्ष्म स्वरलगाव मैफलीतून हद्दपार होतो. यंत्राच्या मर्यादा अशा रीतीने गायकीच्या मर्यादा बनतात.

वरील विवेचनातून खरेदीपूर्वी तपासण्याजोगे पाच निकष निष्पन्न होतात. पहिला, विकृती केवळ पूर्ण शक्तीला न मोजता 0.1 व 1 वॅटलाही मोजावी आणि उपस्वरांचा क्रम नोंदवावा. दुसरा, 240 व 256 हर्ट्झची जोडी देऊन 224 व 272 च्या छाया पाहाव्यात. तिसरा, आदान बंद ठेवून 50 व 100 हर्ट्झची गुणगुण मोजावी. चौथा, 45 अंशांच्या परिसरात तासभर चालवून हीच मोजमापे पुन्हा घ्यावीत. पाचवा, पातळी जुळवून, यंत्राचे नाव झाकून, तंबोरा व कंठ यांच्या ध्वनिमुद्रणावर श्रवणचाचणी घ्यावी. यांतील पहिल्या चार बाबी पदवी पातळीवरील भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला संगणक व चांगले साउंड कार्ड यांच्या साहाय्याने जमण्याजोग्या आहेत. पाचवीसाठी संगीत विभागाचा कान हवा. दोन विभागांनी एका टेबलाशी बसावे, एवढीच पूर्वअट आहे.

जवारी लावण्याचा अधिकार मिरजेच्या कारागिराचा आणि ती जागवण्याचा कलावंताचा. ॲम्प्लिफायरने त्यात स्वतःची भर घालू नये आणि घटही करू नये. या मर्यादेचे पालन तो विरत जाणाऱ्या झंकाराच्या अखेरच्या क्षणापर्यंत करतो किंवा नाही, यावरच त्याची गुणवत्ता ठरते.